गोदीतल्या दोघा कारागिरांचे लंडन (१८३८–१८४१) : नकाशाच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

कामाचा आवाका ठरला. भिंतीवर लावायचा ३६ × २४ इंची मराठी नकाशा आणि त्याचीच फोनवर उघडणारी आवृत्ती. मुंबई गोदीतल्या वाडिया घराण्यातले जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये जहाजबांधणीचे पुढचे शिक्षण घ्यायला विलायतेला गेले, अडीच वर्षे राहिले आणि १८४१ मध्ये आपल्या मुक्कामाची रोजनिशी त्यांनी लंडनलाच छापून घेतली. त्या अडीच वर्षांतले लंडन कागदावर उतरवायचे आहे.

हे दोघे साधे हौशी प्रवासी नव्हते, हे कोपऱ्यातल्या चौकटीत ठसठशीत यायला हवे. त्यांच्या घराण्याने मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ ची सागवानी फ्रिगेट (वेगवान युद्धनौका) आज हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. ८४ तोफांची ‘एशिया’ १८२४ ची, तीही मुंबईची, आणि १८२७ च्या नावारिनोच्या लढाईत इंग्रज ताफ्याचा प्रमुख तिच्यावरूनच लढाई चालवत होता. १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईत बांधून झाली आणि पुढच्याच वर्षी सुएझपर्यंत जाऊन आली. तिचा सांगाडा मुंबईचा, इंजिन मात्र विलायतेचे. घराण्याच्या विद्येत उणे होते ते इंजिनाचे.

म्हणून नकाशाचे सूत्र असे ठेवतो आहोत : ठिकाणे ‘प्रेक्षणीय’ म्हणून मांडायची नाहीत, जहाज बांधणाऱ्याला तिथे काय पाहायला मिळाले त्यानुसार मांडायची. लाकूड, लोखंड, वाफ, पाणी असे चार रंग. राजवाडे आणि चर्च फिकट राखाडी. ज्या जागांबद्दल दोघांनी स्वतः लिहिले आहे त्यांना भरीव खूण, ज्या त्या काळी नुसत्या खुल्या होत्या त्यांना पोकळ.

९ जानेवारी

पायाभूत नकाशा म्हणून ग्रीनवुडचा घेतला. १८२७ चा, १८३० मध्ये सुधारलेला, मैलाला ८ इंच प्रमाणाचा. म्हणजे १ : ७,९२०. या प्रमाणात कागदावरचा अर्धा मिलिमीटर जमिनीवर चार मीटर होतो. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) स्कॅनमध्ये एका पिक्सेलला साधारण ६७ सेंटिमीटर जमीन येते, ती आपल्या कामाला पुरून उरते. हॉर्वुडचा नकाशा मैलाला २६ इंच, घरनिहाय, फार सुंदर. पण त्याची शेवटची सुधारणा १८१९ ची, त्यामुळे त्यानंतर पुऱ्या झालेल्या रीजंट स्ट्रीटच्या कामाला तो चालत नाही.

त्या काळचे नकाशे तुकडे कापून कापडावर चिकटवलेले असतात, घडी घालता यावी म्हणून. दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटरची फट राहते. अख्खे स्कॅन एकाच वेळी जमिनीवर बसवले तर प्रत्येक फटीला १२ ते १६ मीटर जमीन फुकट वाढते, आणि नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती साठत जाते. उपाय एकच : प्रत्येक तुकडा वेगळा कापायचा, वेगळा बसवायचा आणि मग जोडायचा. काम कंटाळवाणे आहे, पण पर्याय नाही.

१८३० नंतरच्या गोष्टी ग्रीनवुडमध्ये नाहीत. ग्रीनिचकडे जाणारी रेल्वेची कमानींची रांग, यूस्टन, नाइन एल्म्स, पॅडिंग्टन ही स्थानके हाताने काढावी लागतील. त्यांसाठी ऑर्डनन्स सर्व्हेची (ब्रिटनचे सरकारी मोजणी खाते) १८९३–९६ ची १ : १,०५६ पत्रके स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आधीच बसवलेली मिळतात. त्यांतली नंतरची वाढ वगळून जुनी रेषा तेवढी उचलायची.

१४ जानेवारी

नियंत्रण बिंदू, म्हणजे जुना नकाशा आजच्या जमिनीवर बसवताना दोन्हींत जुळवायच्या जागा. साधन क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रणालीतले जिओरेफरन्सर, प्रक्षेपण ब्रिटिश नॅशनल ग्रिड (ईपीएसजी यादीत क्रमांक २७७००).

धरण्याजोगे बिंदू : सेंट पॉल्सच्या घुमटाचे मध्य, मॉन्युमेंटचा स्तंभ, टॉवरमधल्या व्हाइट टॉवरचे कोपरे, स्पिटलफील्ड्सचे क्राइस्ट चर्च, लाइमहाउसचे सेंट अ‍ॅन, रॉदरहाइथचे सेंट मेरी, ग्रीनिचच्या रुग्णालयाचे घुमट. हे सगळे आपापल्या जागी आहेत.

धरू नयेत असे :

नदीचा काठ. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया एम्बँकमेंटसाठी थेम्समध्ये भर घालून काठ पुढे सरकवला. स्ट्रँडच्या बाजूचा आजचा काठ पकडलात तर अख्खा मध्य लंडन दक्षिणेकडे ओढला जातो.

पूल. वेस्टमिन्स्टर, ब्लॅकफ्रायर्स, वॉटर्लू, सदर्क हे चारही पुढे नव्याने बांधले गेले. लंडन ब्रिजचा गोंधळ आणखी मोठा. रेनी या अभियंत्याचा नवा पूल १८३१ मध्ये उघडला तो जुन्या पुलापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, सुमारे ३० मीटरवर, आणि आजचा पूल रेनीच्या जागी आहे.

मार्बल आर्च. १८५१ पर्यंत ती कमान बकिंगहॅम राजवाड्यासमोर होती. आजच्या जागी बिंदू ठोकला तर जवळपास पावणेदोन किलोमीटरची चूक.

रूपांतर कोणते निवडावे यावर एक सूचना, कारण इथे नवखा हमखास फसतो. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडले की सगळ्या बिंदूंची चूक शून्य दाखवली जाते आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. ती पद्धत प्रत्येक बिंदू जबरदस्तीने जागेवर बसवते, म्हणून चुकीचा बिंदूही बरोबर भासतो. आधी पहिल्या घाताचे बहुपदी रूपांतर वापरायचे (किमान तीन बिंदू लागतात, आम्ही प्रत्येक तुकड्याला आठ ठेवतो), उरलेल्या चुका पाहायच्या, २० मीटरच्या वर असलेला बिंदू तपासून काढायचा आणि मगच हवे तर स्प्लाइन लावायची.

२० जानेवारी

रस्त्यांचे जाळे. आजच्या लंडनचे खुले रस्ते उतरवून घेतले आणि त्यांतले १८४० नंतरचे उडवले : न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट, व्हिक्टोरिया स्ट्रीट, होबर्न व्हायाडक्ट, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट, शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यू, चेरिंग क्रॉस रोड, किंग्जवे, संपूर्ण एम्बँकमेंट. टॉवर ब्रिज १८९४ चा, तोही गेला. त्यामुळे लंडन ब्रिजपासून समुद्राकडच्या बाजूला थेम्स ओलांडायला एकही पूल उरत नाही, आणि तेच खरे चित्र आहे. वॉपिंगहून रॉदरहाइथला जायचे तर होडीच.

किंग विल्यम स्ट्रीट ठेवायचा, तो नव्या लंडन ब्रिजसोबतच आला. होबर्नला व्हायाडक्ट (खोलगटावरचा पूल) नाही म्हणजे फ्लीट नदीच्या खोलगटात उतरून पुन्हा चढायचे. त्या तुकड्याचा वेग कमी धरला आहे.

जाळे दुरुस्त करताना चौकाचौकांत रेषा तोडून टोके जुळवावी लागतात, नाहीतर सर्वांत जवळचा मार्ग शोधणारे साधन भलत्याच गल्लीतून फिरवून आणते. मात्र ग्रीनिच रेल्वेपाशी सरसकट जुळवाजुळव करायची नाही. ती साडेतीन मैलांची ओळ ८७८ विटांच्या कमानींवर उभी आहे आणि रस्ते कमानींखालून जातात. यंत्राने तिथे चौक तयार केले की माणूस रस्त्यावरून थेट रुळांवर चढतो. ती रेषा वेगळ्या थरात ठेवली, रस्त्यांना फक्त स्थानकांपाशी जोडली. तारखाही पाळायच्या : लंडन ब्रिजपासून डेप्टफर्डपर्यंत गाडी डिसेंबर १८३६ पासून, ग्रीनिचपर्यंत डिसेंबर १८३८ च्या अखेरीस.

टोलचे पूल हा वेगळा प्रश्न. वॉटर्लू पुलावर पायी माणसाला एक पेनी पडे, सदर्क आणि व्हॉक्सहॉलवरही टोल. वेस्टमिन्स्टर, ब्लॅकफ्रायर्स, लंडन ब्रिज फुकट. साधनाला फक्त अंतर आणि वेळ कळतो, पैसा कळत नाही. म्हणून जाळ्याच्या दोन प्रती केल्या, एकीत टोलचे पूल आहेत, दुसरीत नाहीत. लॅम्बेथहून स्ट्रँडला जाताना दोन मार्ग निघतात आणि दोन्ही नकाशावर राहतील.

२३ जानेवारी

पैशाचे कोष्टक. १८३५ चा कंपनी रुपया १८० ग्रेनचा, त्यात अकरा-बारांश चांदी, म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध. १८१६ नंतरचा शिलिंग ८७.२७ ग्रेनचा, हजारी ९२५, म्हणजे ८०.७ ग्रेन शुद्ध. भागाकार २.०४. नकाशासाठी नियम : एक शिलिंग म्हणजे आठ आणे, एक पेनी म्हणजे आठ पै, एक पौंड म्हणजे दहा रुपये.

आजच्या रुपयांत रूपांतर करून द्यायचे नाही. दीडदोनशे वर्षांच्या महागाईचा गुणक लावून काढलेला आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. एकाच दिवसाचे खर्च शेजारी शेजारी ठेवले की अंदाज आपोआप येतो. पॉलिटेक्निक या रीजंट स्ट्रीटवरच्या यंत्रप्रदर्शनाचे प्रवेशमूल्य ८ आणे, तिथल्या पाणबुडी घंटेत (पाण्यात सोडायच्या उघड्या तळाच्या लोखंडी घंटेत) बसायचे आणखी ८ आणे, घोड्यांच्या ऑम्निबसचे जायचे ४ आणे, यायचे ४ आणे. एकूण दीड रुपया. वाटेत वॉटर्लू पूल ओलांडला तर आणखी ८ पै.

२ फेब्रुवारी

थेम्सखालचा बोगदा. या जागेला नकाशात सर्वांत मोठी चौकट द्यायची, यावर सगळ्यांचे एकमत आहे. लंडनमध्ये जहाज बांधणाऱ्याने पाहावे असे याहून मोठे काम त्या वर्षांत चालू नव्हते.

आधी काळ नीट मांडू. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने १८२५ मध्ये रॉदरहाइथच्या बाजूने सुरुवात केली. मे १८२७ मध्ये नदी आत घुसली, जानेवारी १८२८ मध्ये पुन्हा, आणि त्या वेळी सहा माणसे दगावली. पैसा संपला, तोंड विटांनी बुजवले. १८३५ मध्ये काम पुन्हा सुरू, १८३६ मध्ये नवी, जास्त मजबूत ढाल (खोदणाऱ्यांना आत घेऊन पुढे सरकणारा लोखंडी सांगाडा) बसवली, १८३७–३८ मध्ये आणखी पूर आले. लोकांसाठी बोगदा उघडला तो मार्च १८४३ मध्ये. म्हणजे आपले दोघे लंडनला होते तेव्हा तो अर्धवट होता, आणि शिलिंगभर देऊन तयार झालेल्या कमानींपर्यंत जाता येत असे. नकाशावर वॉपिंगच्या टोकाला दार दाखवायचे नाही.

चौकटीत ढालीचा छेद, १ : १०० प्रमाणात. खोदाईचा आडवा छेद ३७ फूट ६ इंच रुंद, २२ फूट उंच, कागदावर ११.४ × ६.७ सेंटिमीटर. ओतीव लोखंडाच्या बारा चौकटी शेजारी शेजारी उभ्या, प्रत्येकीत एकावर एक तीन खण. छत्तीस खण, प्रत्येक खणात एक खोदणारा.

काम कसे चाले ते क्रमाने लिहायचे, कारण नुसते चित्र पाहून ते कळत नाही. मातीची भिंत आडव्या फळ्यांनी पूर्ण झाकलेली. प्रत्येक फळी ३ फूट लांब, ६ इंच रुंद, ३ इंच जाड, आणि ती स्क्रूने चौकटीला टेकून मातीवर दाबलेली. खोदणारा आपल्या खणातली एकच फळी काढतो, तिच्यामागची साडेचार इंच माती काढतो, फळी पुढे सरकवून स्क्रू पुन्हा आवळतो, मग दुसरी फळी. उघडी माती कोणत्याही क्षणी एका फळीएवढीच. खणातल्या सगळ्या फळ्या पुढे गेल्या की चौकट मागच्या विटकामाला रेटा देऊन जॅकने पुढे सरकवायची. तिच्यामागे गवंडी लगेच विटांचा थर चढवतात. साडेचार इंच म्हणजे आडव्या विटेची रुंदी, त्यामुळे खोदणारा आणि गवंडी एकाच मापाने पुढे जातात.

बिघाड कुठे होई? छतापाशी. नदीच्या तळाशी चिकणमातीचा थर सगळीकडे सारखा जाड नव्हता. मध्येच रेती-गोट्यांचे खिसे, मध्येच वाळू काढल्याने पडलेले खड्डे. बोगद्याचे छत आणि नदीचा तळ यांत माती कमी उरली की भरतीच्या पाण्याचा भार तिथून वाट काढे. उपाय वरून केला : तळातल्या भोकावर चिकणमातीची पोती टाकायची आणि आतले पाणी पंपाने उपसायचे. १८२७ चे भोक पाहायला ब्रुनेलचा मुलगा इसांबार्ड पाणबुडी घंटेत बसून तळापर्यंत उतरला होता.

ही ढाल ब्रुनेलला लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यावरून सुचली, असे सांगितले जाते : डोके कवचात ठेवून पुढे कुरतडायचे आणि मागच्या बाजूला स्वतःच अस्तर घालत जायचे. मुंबईच्या कारागिरांची या किड्याशी जुनी ओळख; त्याच्यासाठीच तर जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. चौकटीत ढालीशेजारी तांब्याचा पत्रा ठोकलेल्या तळाचा छोटा छेदही काढतो आहोत.

आजची खूण : रॉदरहाइथला बोगद्यात उतरायच्या विहिरीपाशी संग्रहालय आहे आणि त्याच बोगद्यातून उपनगरी गाड्या धावतात.

६ फेब्रुवारी

नदीचा थर. ओहोटीची रेषा आणि भरतीची रेषा वेगळ्या काढायच्या, मधला चिखल फिकट तपकिरी. होडीवाल्यांच्या पायऱ्या (टॉवर, वॉपिंग ओल्ड, हॉर्सलीडाउन, हंगरफर्ड) छोट्या त्रिकोणाने.

लंडन ब्रिजला उधाणाची भरती-ओहोटी आज साडेसहा मीटरच्या आसपास आहे, मुंबई बंदरात त्याहून बरीच कमी. जुन्या पुलाच्या जाडजूड खांबांनी पाणी बांधासारखे अडे. तो पाडल्यावर वरच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक वाढला. आजचे भरतीचे कोष्टक १८३९ ला जसेच्या तसे लावायचे नाही. नकाशावर आकडा न देता फक्त दोन रेषा दाखवणे योग्य.

१२ फेब्रुवारी

अ‍ॅडलेड गॅलरी आणि पॉलिटेक्निक. या दोन जागांबद्दल दोघांनी लिहिले आहे की इंग्लंडमध्ये दुसरे काही पाहिले नसते तरी एवढ्यावरच प्रवास सार्थकी लागला असता. त्यांच्या रोजनिशीतले हे मत नकाशाला दिशा देते, म्हणून दोन्ही ठिकाणी मोठी भरीव खूण, लोखंड आणि वाफ या रंगांत.

अ‍ॅडलेड गॅलरी स्ट्रँडच्या उत्तरेला, लाउदर आर्केडच्या टोकाशी, १८३२ पासून. वाफेच्या दाबाने गोळ्या उडवणारी पर्किन्सची तोफ तिथे चालवून दाखवत. लांब हौदात छोट्या आगबोटी वाफेवर पळवत. वल्ह्यांची चाके, बोटीचा आकार आणि वेग यांचा मेळ असाच डोळ्यांसमोर पाहता येतो. लाउदर आर्केड १९०२ मध्ये पाडले, म्हणून आजचा पत्ता शोधणाऱ्याला तिथे काही सापडणार नाही.

पॉलिटेक्निक ३०९ रीजंट स्ट्रीट, ऑगस्ट १८३८ मध्ये उघडले. आपले दोघे इंग्लंडला पोहोचले त्याच सुमारास. सर्वांत जास्त गर्दी पाणबुडी घंटेपाशी. ओतीव लोखंडाची घंटा, तळ उघडा, आत कडेने बाक. साखळीने हौदात सोडायची, वरून पंपाने हवा द्यायची. हवेचा दाब पाण्याइतका असेल तरच पाणी आत चढत नाही. दर सव्वादोन फूट खोलीला चौरस इंचामागे सुमारे एक पौंड दाब वाढतो, तेवढी हवा पंपाने सतत पुरवायला हवी. पंप मंदावला की बसलेल्यांच्या पायाशी पाणी. कान दुखतात ते याच दाबाने, गिळून मोकळे करावे लागतात.

प्रेक्षकांसाठी ही गंमत होती, गोदीवाल्यांसाठी रोजचे हत्यार. सुक्या गोदीच्या दाराचा उंबरठा झिजला, धक्क्याचा दगड सुटला, तर पाणी न काढता दुरुस्ती करायची ती अशाच घंटेतून. बोगद्याच्या चौकटीतून इथे एक बाण येईल : १८२७ चे भोक, घंटा, पॉलिटेक्निक.

१५ फेब्रुवारी

जागा बदललेली ठिकाणे. आजच्या नावाने शोधले तर खूण भलतीकडे पडते, म्हणून ही यादी वेगळी.

मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे तेव्हा बेकर स्ट्रीटच्या बाजारात होते. मेरिलबोन रोडला गेले ते १८८४ मध्ये. ईस्ट इंडिया हाउस लेडनहॉल स्ट्रीटला, आत कंपनीचे संग्रहालय आणि टिपूचा वाघ. ती इमारत १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली. आज तिथे लॉइड्सची इमारत आहे आणि वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. नॅशनल गॅलरी १८३८ मध्येच आजच्या जागी आली, पण समोरच्या ट्रफाल्गार चौकात नेल्सनचा स्तंभ नाही, तो १८४३ चा. पार्लमेंट १८३४ मध्ये जळाले होते. नव्या इमारतीच्या भिंतीसाठी नदीत बांध घातलेला, पायाचा दगड १८४० चा. घड्याळाचा मनोरा काढायचा नाही. पाहणारे तो शोधतील, शोधू देत.

घरांचे क्रमांक कुठेच भरवशाचे नाहीत. १८५५ नंतर रस्त्यांची नावे आणि क्रमांक मोठ्या प्रमाणावर बदलले. जुना पत्ता मिळाला तर आधी कोणत्या दोन गल्ल्यांमध्ये ते घर होते ते काढायचे, क्रमांक शेवटी.

प्राणिसंग्रहालय जागेवरच आहे, रीजंट्स पार्कमध्ये. १८४७ पर्यंत शिलिंगासोबत सभासदाची चिठ्ठी लागे. इथे त्यांच्या पारशी पोशाखाभोवती लोकांचा गराडा पडला, ते दोघांनीच लिहून ठेवले आहे. एका ओळीपेक्षा जास्त जागा त्याला नको.

रीजंट्स पार्कच्या आग्नेय कोपऱ्यापाशी डायोरामा. अवाढव्य चित्रे स्थिर, प्रेक्षकांचा अख्खा सज्जा ७३ अंशांतून फिरे. एवढा भार सहज फिरवणारा मधला खुंट आणि चाकांची बैठक पाहण्यासारखी. ‘लाकूड’ हा रंग.

१९ फेब्रुवारी

चॅटमची चौकट. लंडनच्या पूर्वेला सुमारे ३० मैल, मुख्य नकाशात मावत नाही. १८४५ पर्यंत तिकडे रेल्वे नव्हती. घोडागाडीने डोव्हर रस्ता किंवा आगबोटीने ग्रेव्हझेंड आणि पुढे गाडी. दोघांचे खरे शिक्षण इथल्या सरकारी गोदीत, म्हणून चौकट लहान असली तरी मजकूर भरगच्च.

दोराची इमारत १,१३५ फूट लांब. मुख्य नकाशाच्या १ : १५,००० प्रमाणातच काढली की ती २३ मिलिमीटर येते, शेजारी सेंट पॉल्स त्याच प्रमाणात ठेवले की लांबी लगेच जाणवते. ब्रुनेलची वाफेवरची लाकूडकापणी १८१४ ची. १८३८ मध्येच उभे राहिलेले तिसऱ्या क्रमांकाचे छपराचे बांधणीस्थळ आजही आहे. छप्पर कशासाठी, ते लिहायचे : इंग्लंडचे ओक उघड्यावर वर्षानुवर्षे भिजले की सांगाड्यातच कुजू लागते, जहाज पाण्यात उतरण्याआधीच. मुंबईचा साग तेलकट, त्याला कुजणे आणि लोखंडी खिळ्यांचा गंज दोन्ही कमी. पठाण (जहाजाच्या तळाचा कणा) बसवल्यापासून जहाज उतरवेपर्यंत ऊन-पाऊस सोसायची त्याची ताकद वेगळी. विलायती गोदीतला हा खर्च मुंबईवाल्याच्या नजरेतून सुटला नसता.

सेपिंग्ज या जहाजबांधणीकाराची तिरपी बांधणी इथल्याच गोदीत वाढली. वांकांना (जहाजाच्या फासळ्यांना) आतून तिरके पट्टे मारायचे, म्हणजे लांब जहाज मधून वर वाकून टोकांना झुकत नाही. चौकटीत दोन रेषाचित्रे : नुसत्या उभ्या वांकांचे आणि तिरप्या पट्ट्यांचे. इंजिन आणि बॉयलरचा भार मध्यभागी एकवटतो तेव्हा हे आणखी महत्त्वाचे.

२२ फेब्रुवारी

दिवसाचे गणित. डिसेंबरच्या शेवटी लंडनला उजेड पावणेआठ तासांच्या जवळपास. मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. ब्रिटिश म्युझियम आठवड्यातून तीनच दिवस, हिवाळ्यात दहा ते चार. बोगदा आणि पॉलिटेक्निक एका हिवाळी दिवसात बसवताना आमच्या जाळ्यातून असे निघते : लंडन ब्रिज ते रॉदरहाइथ पायी पाऊण तासाच्या आत, परत तेवढेच, पुढे रीजंट स्ट्रीटपर्यंत पाच किलोमीटरच्या आसपास. ऑम्निबस धरली तरच घंटेत बसायला वेळ उरतो. दोन नमुना-दिवस देणार आहोत, एक डिसेंबरचा, एक जूनचा. ते आमचे आखलेले मार्ग आहेत, रोजनिशीतले नव्हेत, हे त्याच ओळीत छापायचे.

२७ फेब्रुवारी

मराठी नावे. रस्त्याच्या वळणावर धावणारी लेबले बंद केली. अक्षरे एकेक करून वळणावर ठेवली जातात तेव्हा काना-मात्रा सुटतात, जोडाक्षरे फुटतात. ‘ब्लॅकफ्रायर्स’ वाचवत नाही. सगळी लेबले आडवी, लांब रस्त्यांना दोन ठिकाणी. पीडीएफ काढताना मजकूर बाह्यरेषांत बदलून घ्यायचा, नाहीतर छापखान्याच्या यंत्रावर टंक नसला की चौकोन छापले जातात. त्याआधी शोधता येणारी एक प्रत वेगळी राखून ठेवायची, कारण बाह्यरेषांतला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

टंकाचा आकार गल्ल्यांना ८ पॉइंटच्या खाली नको. रोमन लिपीत ६ चालतो. देवनागरीत रफार आणि अनुस्वार शाईत भरून जातात.

४ मार्च

पहिली छाप. नदीचा निळा आणि ‘पाणी’ या थराचा निळा एकमेकांत मिसळतात. थराचा रंग मोरपिशी केला. चिखलाचा तपकिरी कागदावर पडद्यापेक्षा गडद आला, १५ टक्क्यांवर आणला. बोगद्याच्या छेदातल्या फळ्यांच्या रेषा ०.१ मिलिमीटरच्या होत्या, निम्म्या उडाल्या, ०.२५ केल्या. ढालीतल्या प्रत्येक खणात माणूस दाखवला आहे, पण वरच्या आणि खालच्या खणातला एकाच मापाचा हवा, वरचा लहान दिसतो.

उरलेले काम : डेप्टफर्डच्या पुढची रेल्वे तुटक रेषेने आणि तिच्यावर ‘डिसेंबर १८३८ पासून’, लॅम्बेथमधल्या मॉड्स्लेच्या कारखान्याला ‘वाफ’ रंगाची पोकळ खूण, कारण १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘ग्रेट वेस्टर्न’ची इंजिने तिथली, आणि आर्देशीर कर्सेटजी, याच घराण्यातले, १८३९ मध्ये इजिप्तमार्गे लंडनला पोहोचलेले आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीवर निवडले गेलेले पहिले भारतीय, यांच्यासाठी डाव्या समासात जागा. ती जागा सध्या प्रमाणपट्टीने अडवली आहे. प्रमाणपट्टी खाली, चॅटमच्या चौकटीशेजारी हलवायची.